धोट्याला तोंड न लावणारा हिलाल

हिलाल ओंकार पाटील हा पारोळ्याकडचा माणूस. चौदा वर्षं तो सुरतेला उधन्यात संचे चालवत होता. यंत्रमागाला तिकडे संचा म्हणतात आणि मागांच्या कारखान्याला खातं. हिलालच्या खात्यात खटाखट इतकी की माणसं दिवसभर खुणांनी बोलत आणि घरी जाऊनही ओरडूनच बोलत. हिलाल मात्र घरी जाऊनही गप्पच असे. कामाला चोख, वागायला साधा, आणि स्वतःबद्दल काही सांगायची वेळ आली की ज्याची जीभ टाळूला चिकटते असा तो गडी होता. अशा माणसांचं लोक फार कौतुक करतात. मला ते कौतुक कधी पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही तेच इथे सांगायचं आहे.

आधी धोट्याचं सांगायला हवं. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. तिच्या पोटात त्या धाग्याची कांडी बसवतात आणि धाग्याचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढतात. बोटांनी ते निघत नाही. म्हणून कारागीर धोटा तोंडाशी नेतो, भोकाला ओठ लावतो आणि एकदम श्वास आत ओढतो. धागा सुर्रकन जिभेवर येतो. कांडी संपली की पुन्हा तेच. बारा तासांच्या पाळीत आठ संच्यांवर हे इतक्या वेळा होतं की माणसाला आपण काही केलं हेही जाणवत नाही. दिवसपाळीचा माणूस संध्याकाळी सातला जो धोटा ओठांपासून खाली ठेवतो, तोच रातपाळीचा माणूस उचलून ओठांना लावतो. नव्या माणसाला चार दिवस किळस वाटते, मग तीही जाते.

हिलालचा जोडीदार रामदास. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरकडून आलेला, हिलालपेक्षा आठेक वर्षांनी लहान, हसरा आणि बोलका. चार वर्षं दोघांनी तेच आठ संचे चालवले. पाळी बदलताना त्यांना जेमतेम दहा मिनिटं मिळत. तेवढ्यात कोणता संचा आज कुरकुरतोय ते सांगून व्हायचं, चुना लावून एक तंबाखू मळायची, निम्मी याने घ्यायची, निम्मी त्याने. ओळख एवढीच, पण चार वर्षं रोजची. हिलालला सुरतेत दुसरा मित्र नव्हता.

रामदास बौद्ध आहे हे हिलालला सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये कळलं. रामदासने लपवलं नव्हतं, याने विचारलं नव्हतं. चौदा एप्रिलच्या संध्याकाळी हिलाल पाळी संपवून निघाला, तेव्हा उधन्याच्या रस्त्यावरून जयंतीची मिरवणूक चालली होती. रातपाळीचा खाडा करून रामदास तिच्यात होता. पांढरा सदरा, निळा फेटा, कपाळभर निळा गुलाल. हिलालला बघताच तो रांग सोडून धावत आला आणि हातातला पेढा त्याने थेट याच्या तोंडात घातला. हिलालने खाल्ला, त्याच्या पाठीवर थाप मारली. शेजारी बन्सीलाल उभा होता. हा बन्सीलाल शिरपूरकडचा, पलीकडचे आठ संचे चालवणारा, आणि खात्यातल्या साऱ्या बातम्यांचा कारखानदार. त्यालाही पेढा मिळाला. त्याने तो रुमालात बांधला आणि कोपऱ्यावर गाईला घातला. हिलालने ते पाहिलं आणि नेहमीप्रमाणे काही बोलला नाही.

त्यानंतर आठवडाभराने हिलालच्या तोंडाची आग व्हायला लागली. मंगलाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, भाकरीबरोबर ठेचा वाढला की डोळ्यांत पाणी यायचं. एका सकाळी दाढी करताना त्याने चमच्याच्या दांड्याने गाल ओढून आरशात पाहिलं. डाव्या गालाच्या आत, दाढांच्या खाली, दुधावर साय धरावी तसा पांढरा चट्टा होता. कडेला लालसर, मध्ये जाडसर. त्याने पंच्याच्या टोकाने घासलं. रक्त आलं, पण चट्टा गेला नाही. ओठाच्या कोपऱ्यापाशी दुसरा एक लहान चट्टा होता.

एवढ्याने तो घाबरला नसता. पण त्याच रविवारी नाक्यावर कुठल्याशा संस्थेची जीप आली. तिच्यावर कर्णा होता आणि बाजूला रंगीत चित्रांचे फलक. नव्या रोगाची माहिती देत होते, एड्सची. वजन घटतं, ताप उतरत नाही, जुलाब थांबत नाहीत, आणि तोंडात पांढरे चट्टे येतात. चौथ्या चित्रात एक माणूस तोंड वासून उभा होता. हिलाल भाजीची पिशवी घेऊन त्या चित्रासमोर किती वेळ थांबला कुणास ठाऊक. घरी आला तेव्हा कोथिंबीर मान टाकून बसली होती.

कारण त्याच्या मनात एक जागा होती, जिथे तो स्वतःही जात नसे. चौऱ्याण्णवच्या प्लेगात सगळी सुरत पळाली, तेव्हा त्यानेही मंगलाबाईला आणि दोन्ही मुलींना भुसावळ गाडीत कोंबून गावी पाठवलं होतं. महिन्याभरात तो परतला. बायकोमुली मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत गावीच राहिल्या. त्या दिवसांत खाणावळीतल्या दोघांबरोबर तो एकदा एका गल्लीत गेला. तिचं नाव सगळ्या सुरतेला ठाऊक आहे आणि घरात ते कोणी काढत नाही. एकदाच गेला. येऊन दोनदा आंघोळ केली. तीन वर्षांत त्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता ते त्याच्या गालात आतून उगवून आलं होतं. निदान त्याला तसंच वाटलं.

मग काय, हिलाल अंगणात निजायला लागला, म्हणाला उकडतं. आपला पेला वेगळा ठेवायला लागला, म्हणाला घसा धरलाय. पण खात्यात कोणता बहाणा करणार? धोटा तोंडाला लावला की धागा जिभेवर येई आणि त्याच वेळी रामदासचा चेहरा समोर येई. हा रोग कसा लागतो, कसा लागत नाही हे जीपवाल्यांनी कर्ण्यावरून सांगितलं होतं, पण चौथ्या चित्रानंतर याच्या कानात काहीच शिरलं नव्हतं. आपली थुंकी संध्याकाळी रामदासच्या तोंडात जाते, एवढंच त्याला कळत होतं. आणि एवढं कळत असूनही पुढचे आठ दिवस तो धोट्याला तोंड लावतच राहिला. का, तर सोडलं तर कोणी विचारेल. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण हिलाल पुढे सगळं सांगताना हे आठ दिवस गाळू बघायचा.

नवव्या दिवशी त्याने सायकलच्या तारेचा एक बारीक हूक वाकवून आणला. त्या हुकाने भोकातून धागा ओढून काढायचा. काम होई, पण संचा तेवढा वेळ जास्त थांबे. बन्सीलालच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. तो दिवसभर हिलालकडे आणि हुकाकडे बघत राहिला, आणि दुपारी चहाच्या टपरीवर त्याच्याजवळ सरकला.

"बरं करं भो तू," तो हलक्या आवाजात म्हणाला. "त्या दिन तू पेढा खाधा, तवय मले वाटनं, याले काहीच नही वाटत. आते समजनं. धोटाले त्याना तोंडनंतर आपलं तोंड कसाले लावो?"

हिलालला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि लगेच वाटलं, नाही म्हटलं की हा विचारणार, मग हूक कशाला? बन्सीलाल उत्तराची वाट बघत होता. टपरीवर आणखी चारपाच जण होते. हिलालच्या हातात ते कारण आयतंच येऊन पडलं होतं, चांगलं भक्कम, ज्यावर या मंडळींपैकी एकही जण दुसरा प्रश्न विचारणार नाही असं.

हिलाल हसला. बोलला काहीच नाही, नुसता हसला आणि चहा प्यायला.

त्या संध्याकाळी पाळी बदलताना रामदासला खिळ्याला लटकवलेला हूक दिसला.

"ह्यो कामून आणलास?"

"दात दुखतोय," हिलाल म्हणाला. "ओढताना कळ येते."

"कोणता?"

हिलालने घाईत उजव्या गालावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी रामदास सकाळी जाताना त्याच्या हातात एक लहानशी बाटली देऊन गेला. लवंगेचं तेल होतं. कापसाच्या बोळ्याने लाव म्हणाला, सखूची दाढ ह्यानंच ऱ्हायली. सखुबाई ही त्याची बायको. हिलालने बाटली खिशात टाकली. दिवसभर खिशाला लवंगेचा वास येत राहिला आणि त्याला दिवसभर शरम वाटत राहिली. संध्याकाळी सांगू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाला. असे तीन उद्या गेले.

तेवढ्यात बन्सीलालचा माल बाजारात पोचला. कोणी कोणाला सांगितलं हे शोधण्यात अर्थ नाही. चौथ्या सकाळी हिलाल सातला आला तेव्हा रामदास नेहमीसारखा दाराशी तंबाखू मळत उभा नव्हता. तो आत होता. प्रत्येक संच्यावर एक जादा धोटा कांडी भरून ठेवलेला असतो. ते आठही धोटे रामदासने ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले होते आणि कागदाच्या तुकड्यांवर नीट मांडून ठेवले होते. शेवटचा तो हिलालच्या समोर पुसत होता. भोकात फडक्याचं टोक घालून, फिरवून.

"पुसून ठिवलेत," तो म्हणाला. "आता हूक नाही लागायचा."

आवाज चढलेला नव्हता. तो फडकं पिळून, दोरीवर वाळत घालून निघून गेला. हिलालला त्याच्या मागे धावत जायला दहा पावलं पुरली असती. ती त्याच्याने टाकवली नाहीत. त्याने खिळ्यावरचा हूक काढला आणि कामाला लागला. पाच दिवस रामदास रोज सकाळी धोटे पुसून ठेवत होता आणि पाच दिवस हिलाल त्या पुसलेल्या धोट्यांत हूक घालत होता. सहाव्या दिवशी रातपाळीला नवा माणूस आला. रामदास सुरतेबाहेरच्या सचिन गावी, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खात्यात लागला, असं मास्तरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, सांगितलं.

घरी मंगलाबाई इतके दिवस बघत होती. नवरा तिखट खात नाही, बाहेर निजतो, मुलींना जवळ येऊ देत नाही, आणि आता तर जेवतही नाही. एका सकाळी तिने त्याला ओसरीवर बसवलं.

"तोंड उघाडा," ती म्हणाली.

"काही नही शे."

"काही नही ते उघाडाले काय जास?"

त्याने उघडलं. तिने बराच वेळ आत बघितलं. "आज दवाखानाले जा," ती म्हणाली. "नही गयात ते मी तुमना भाऊले बलावसू." भावापुढे उभं राहण्यापेक्षा डॉक्टर परवडला. हिलाल गेला.

दातांची डॉक्टरीण तरुण गुजराती बाई होती. तिने आरशाची काडी गालात घातली, दिवा जवळ ओढला आणि विचारलं, "तमाकू यहीं दबाते हो ना?"

"हां."

"कितने साल से?"

"चौदा."

"तो चौदा साल से ये जगह जल रही है, भाई." मग तिने त्याला समजावलं. तंबाखू आणि चुना आजपासून बंद. अशा चट्ट्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून महिन्याने परत दाखवायचं, आणि कमी झाला नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. हिलाल मान डोलावत होता, पण उठत नव्हता. शेवटी जमिनीकडे बघत त्याने जे विचारायचं ते विचारलं. बाईचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. तिने रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाली, शंका आहे तर तपासून घ्या, पण तो रोग शटलला तोंड लावून कोणाला लागत नाही. थुंकीने नाही, ताटाने नाही, पेल्याने नाही.

आठ दिवसांनी रक्ताचा कागद आला. काही निघालं नव्हतं. हिलालचा जीव भांड्यात पडला. दवाखान्यापासून खात्यापर्यंत तो जवळजवळ पळतच आला. संच्यापाशी गेला, हूक उकिरड्यावर भिरकावला, धोटा उचलून तोंडाला लावला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे बघायला ज्याने असायला हवं होतं तो इथे नाही. लवंगेचं तेल आणणाऱ्या माणसाला त्याने पाच दिवस धोटे पुसायला लावले होते. रोग नव्हताच, म्हणजे आता त्या हसण्याला काही आडोसाही उरला नव्हता.

पुढच्या रविवारी तो सचिनला गेला. विचारत विचारत रामदासची खोली सापडली. दारात सखुबाई गहू निवडत होती. तिने याच्याकडे बघितलं, ओळखलं, आणि आत हाक मारली. या म्हणाली नाही. रामदास बाहेर आला आणि दोघं खोल्यांच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

हिलालने सगळं सांगितलं. गल्ली सांगितली, चट्टा सांगितला, चौथं चित्र सांगितलं, हूक का आणला ते सांगितलं. आधीचे आठ दिवस गाळले. मग रामदासने विचारलं, चट्टा दिसला त्याच दिवशी हूक आणलास का, तेव्हा तेही सांगावं लागलं. खिशातून रक्ताचा कागद काढला.

"कागद ऱ्हाऊ दे," रामदास म्हणाला. "बन्सीलाल तुला टपरीवर बोलला, तवा तू काय म्हणलास?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"हसलो."

रामदासने टाकीचा गळता नळ आवळला. मग हिलालकडे वळून म्हणाला, "म्हंजी त्या गल्लीचं नाव घ्यायची तुला लाज वाटली. अन् माझ्या जातीमागं लपायची नाई वाटली."

हिलालची मान खाली गेली ती वर येईना. चुकलं म्हणाला, माफ कर म्हणाला.

"मला सांगून काय व्हतंय? मी कोण हाय ते मला ठावं हाय. तू जिथं हसलास तिथं सांग."

"तिथं सांगितलं तर घरी कळेल."

"कळंल," रामदास म्हणाला. मग जाता जाता त्याने विचारलं, "तंबाखू सोडलीस का?"

"सोडली."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि आत गेला.

खात्यातली गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोचते हे हिलालला माहीत होतं. म्हणून त्याच दिवशी परत आल्यावर, मुली बाहेर खेळत असताना, त्याने आधी मंगलाबाईला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले.  "प्लेगमा मी तठे रोज देवले हात जोडू," ती म्हणाली, "तुमले काही होवाले नको म्हनीसन." एवढंच बोलली. नंतर तीन आठवडे ती त्याच्याशी कामापुरतंसुद्धा मुलींमार्फत बोलत होती. त्याबद्दल हिलालने कधी तक्रार केली नाही, आणि करायला तोंडही नव्हतं.

सोमवारी दुपारी तो टपरीवर गेला. बन्सीलाल होता, त्या दिवशीचेच आणखी काही जण होते.  आपण हे बोललो की पुन्हा या माणसांत मान वर करून बसता येणार नाही, याची त्याला खात्री होती. तरी तो बोलला. हूक रामदासमुळे आणला नव्हता म्हणाला. तोंडात चट्टे आले होते, मी अशा अशा ठिकाणी गेलो होतो, मला त्या रोगाची भीती वाटली, म्हणून आणला. रामदासचा काही संबंध नव्हता. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं हसलो.

 बन्सीलाल खो खो हसला.

"इतलंच का भो? आम्हले वाटनं काय का व्हयनं." त्याने हिलालच्या पाठीवर जोरात थाप मारली. "अरे, बायको गावले व्हती. गडीमाणूस शे. व्हई जास."

बाकीचेही हसले. एकाने कुठली खोली म्हणून विचारलं. दुसऱ्याने त्याचा स्वतःचा किस्सा सुरू केला. कोणीतरी हिलालसाठी आणखी एक चहा सांगितला. चौदा वर्षांत त्या टपरीवर त्याचं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

"रामदास माझ्यामुळे काम सोडून गेला," हिलाल पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने.

"गया ते गया," बन्सीलाल म्हणाला. "नवा बी चांगला शे." आणि तो किस्सा सांगणाऱ्याकडे वळला.

ज्या गोष्टीसाठी हिलालने आपला एकुलता एक मित्र घालवला, तिची त्या टपरीवर कोणालाच लाज वाटली नाही. आणि ज्याची वाटायला हवी होती, ते तिथे कोणाच्या कानातच शिरलं नाही. ती लाज त्याला एकट्यालाच न्यावी लागली. त्याने बन्सीलालचा हात पाठीवरून काढला, चहा तसाच ठेवला आणि आत जाऊन संच्यांपाशी उभा राहिला.